सड्यावरचे कंद परसात : प्रकल्प नोंदी (२०२२ ते २०२५)

राजापूर तालुक्याच्या किनारपट्टीवर आमचं घर आहे. पुढे माड-पोफळीची बाग, मागे गडगा, म्हणजे दगड रचून केलेली बुटकी भिंत, आणि गडग्यापलीकडे जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे कातळाचं पठार. त्या सड्याचा एक तुकडा आमच्या भावकीत सामायिक आहे. तिथे चिरेखाण (जांभ्याचे चिरे कापून काढायची खाण) सुरू करायचं २०२२ च्या मे महिन्यात ठरलं. माझं मत विचारलं गेलं नाही, आणि विचारलं असतं तरी एकीच्या 'नको'ने ते थांबलं नसतं. मग निदान पावसाळ्यात तिथे फुलणारे कंद परसात आणायचे, जगवायचे आणि त्यांचं बी धरायचं, असं ठरवलं. हे करू बघणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

खरं तर मला हौस होती ती क्रोकसच्या रानटी जातींची. केशर हा क्रोकसचाच एक प्रकार. बाकीच्या जाती भूमध्य समुद्राच्या भोवतीपासून मध्य आशियापर्यंत डोंगरउतारांवर वाढतात. थंडीत पानं, शरदात नाहीतर वसंताच्या तोंडावर फुलं, आणि उन्हाळाभर कोरड्या मातीत झोप. आमच्याकडे नेमक्या त्यांच्या झोपेच्या महिन्यांत तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यांना लागते तशी थंडी कधीच पडत नाही. तो नाद सोडला. पण वाचताना एक गोष्ट डोक्यात राहिली : इंग्लंडसारख्या पावसाळी देशात हे कंद वाढवणारे लोक उन्हाळ्यात वाफ्यावर काच ठेवतात, झोपलेल्या कंदाला पाऊस लागू नये म्हणून. सड्यावरच्या आपल्या कंदांचं गणित तेच आहे, फक्त ऋतू उलटा. ते पावसात वाढतात आणि ऑक्टोबर ते मे ठणठणीत कोरडे झोपतात. आपल्याकडे काच लागते ती बागेच्या शिंपण्यापासून वाचवायला. पुढच्या सगळ्या नोंदी याच एका गोष्टीभोवती फिरतात.

एक अट पहिल्यापासून पाळली. कंद फक्त खाणीत जाणाऱ्या आमच्या तुकड्यातले. वनखात्याच्या जमिनीतलं किंवा दुसऱ्याच्या सड्यावरचं काहीही उपटायचं नाही.

२६ जून २०२२

खुणा करायचं काम. दहा तारखेच्या सुमारास पाऊस लागला आणि आता सडा हिरवा झालाय. दिपकाडी पूर्ण फुलात आहे. शास्त्रीय नाव डिपकाडी कोंकनेन्स. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा एवढ्याच पट्ट्यातली ही वनस्पती, जगात दुसरीकडे कुठे नाही. पन्हळीसारखी अरुंद पानं, वीत-दीड वीत उंच दांडा, त्यावर पांढरी फुलं. फूल जवळून बघितलं तर बाहेरच्या तीन पाकळ्या मागे वळलेल्या आणि आतल्या तीन एकमेकींना धरून नळी केल्यासारख्या उभ्या असतात. खाली माती किती, म्हणून सळई घालून बघितली. बहुतेक ठिकाणी दोन-तीन इंच, आणि त्याखाली सरळ कातळ. कातळाला चीर गेलेली असेल तिथे जास्त.

ऑक्टोबरात पानं गेली की यातलं काही दिसत नाही. म्हणून पिवळा ऑइलपेंट घेतला (अर्धा लिटर, १८० रुपये) आणि झाडाजवळच्या उघड्या कातळावर बाण काढून बाणाशेजारी अंतर बोटांत लिहिलं. 'द' म्हणजे दिपकाडी, 'ह' म्हणजे रानहळद, 'क' म्हणजे कळलावी, 'श' म्हणजे शेवळं. काठीला चिंध्या बांधून खुणा करायचा विचार होता, पण सड्यावर गुरं फिरतात. रंग टिकतो.

हबेनारियाची जमिनीवरची पांढरी ऑर्किडंही बरीच आहेत. त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं. या ऑर्किडांना मातीतल्या बुरशीची सोबत लागते, ती परसात मिळणार नाही. हलवायची म्हणजे मारायचीच. मन फार खट्टू झालं, पण ती तिथेच राहिली.

९ ऑक्टोबर २०२२

पानं पिवळी पडून आडवी झाली. माती अजून थोडी मऊ आहे, म्हणून खणायला हीच वेळ. डिसेंबरनंतर ही माती विटेसारखी होते आणि पहारीशिवाय सुटत नाही.

दिपकाडीचा कांदा असतो लहान पातीच्या कांद्याएवढा, पण तो चिरेत दोन दगडांच्या मध्ये बसलेला, आणि वर नाजूक लांब मान. सकाळी खुरप्याने खणलं तेव्हा तीनातला एक कापला जात होता. दुपारी रीत बदलली. माती खणायचीच नाही, दगड सोडवायचा. छिन्नीने चिरेच्या एका बाजूचा जांभा फोडायचा, तो कपचा बाजूला घेतला की कांदा मातीच्या गोळ्यासकट हातात येतो. वेळ तिप्पट लागतो, पण नंतर कापलेले अगदी थोडे. सोबत एक गडी होता, रोजाचे ६०० रुपये आणि दोन वेळचा चहा. त्याचा हात छिन्नीवर माझ्यापेक्षा कितीतरी बरा.

कापलेल्या कांद्यांना चुलीची राख फासून रोवळीत पसरून पडवीत सावलीला ठेवलेत.

कळलावीचं प्रकरण वेगळं. कंद इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा दोन फाट्यांचा असतो आणि कोंब फुटतो तो फक्त टोकाला. टोक मोडलं की उरलेला कंद कितीही मोठा आणि ताजा दिसो, त्यातून काही येत नाही. म्हणून फाट्यांच्या टोकापासून वीतभर लांब खणायला सुरुवात करायची आणि शेवटी हातानेच माती सारायची. हातमोजे घालून. कळलावीत कोल्चिसीन असतं, कंदात आणि बियांतही, आणि ते जीवघेणं विष आहे. युरोपातलं कोल्चिकम, ज्याला तिकडे शरदातला क्रोकस म्हणतात पण जे क्रोकस नव्हेच, ते कळलावीच्याच कुळातलं. घरात लहान मुलं असतील तर कळलावीचे कंद रोवळीत उघडे ठेवू नका. आम्ही डब्यात भरून माळ्यावर ठेवले आणि डब्यावर लाल रंगाने 'विष' लिहिलं.

रानहळद निघाली सहज. शेवळाचे कंदही.

२० नोव्हेंबर २०२२

दोन वाफे केले.

पहिला विहिरीजवळ, पोफळीच्या कडेला. तिथली माती मऊ, काळपट, घरचं शेणखत घातलेली. त्या मातीत काहीही लावलं तरी जोमाने येतं.

दुसरा मागच्या गडग्याला लागून, जिथे परसातच कातळ उघडा पडलाय. खाणीवरचे तुटके चिरे फुकट मिळाले, टेम्पोचे १२०० रुपये गेले. चिरे आडवे लावून एका चिऱ्याच्या उंचीची चौकट केली. आत चार इंच थर : दोन भाग चिरे कापताना पडणारा भुगा, एक भाग सड्यावरूनच खरवडून आणलेली माती. खत नाही, नारळाचा काथ्या नाही, काही नाही. सासूबाई बघून म्हणाल्या, "अगो, ह्यात तण पण यायचं नाय, कांदे काय खातील?"

कंद दोन्हीकडे निम्मे निम्मे लावले.

१२ मार्च २०२३

विहिरीकडच्या वाफ्याशेजारच्या पोफळीला उन्हाळ्यातलं चौथ्या दिवशीचं शिंपणं चालू आहे. वाफ्यावर मुद्दाम पाणी सोडत नव्हतो, पण पोफळीच्या आळ्यातून ओल झिरपत होतीच. आज एका कोपऱ्यात खणून बघितलं. दिपकाडीचे कांदे बोटाने दाबले की आत जात होते, पांढरट पाणी आणि कुजका वास. शिवाय शेणखतातून आलेल्या हुमणीच्या अळ्या, जाडजूड, इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या वळलेल्या. त्यांनी कुजायच्या आधीच मुळांची बुडं खाल्लेली. मग सगळा वाफा उकरला. दिपकाडी एकही नाही. कळलावीचे दोन कंद बरे. रानहळद मात्र ठीक, तिला ओल चालते असं दिसतंय.

गडग्याजवळचा वाफा उकरला तर वरपासून खालपर्यंत भुकटी. कांदे घट्ट, कोरडे, बाहेरचा पापुद्रा कागदासारखा. हात लावून परत झाकून टाकले.

म्हणजे निम्मे कंद आणि एक वर्ष गेलं. मातीचा कस चांगला की वाईट हा प्रश्नच नव्हता. झोपलेल्या कंदाच्या बुडाशी ओल होती, एवढंच.

२ जून २०२३

शेवळं आली. पावसाच्या आधीच, नुसत्या हवेतल्या दमटपणावर. वाफ्याच्या कडेला जांभळट कोंब वर आलेत, पान यायला अजून महिना आहे. सासूबाईंना भाजी करायची होती. काकड (रानातली आंबट फळं) मिळाले, त्यांच्याशिवाय शेवळाची खाज जात नाही. नुसती चिंच-कोकमं घातली तर घसा धरतोच असं त्या सांगतात. मी म्हटलं, बी धरायला थोडी राहू देत. फुलाचा कोंब कापला तरी खालच्या कंदातून पान पुढे येतंच, त्यामुळे भाजी खाल्ली म्हणून कंद मरत नाही. पण बी मिळत नाही. अर्धी कढईत गेली, अर्धी वाफ्यात राहिली.

२२ जून २०२३

यंदा पाऊस रुसलाय. अकरा तारखेला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच अडकला. पहिल्या सरींवर दिपकाडीची सुईएवढी टोकं वर आली होती, ती आता जागच्या जागी थांबलीत, थोडी तांबूस पडलीत. घरातली सगळी सांगतायत पाणी घाल. मी सड्यावर जाऊन बघून आले. तिथेही तीच अवस्था, टोकं वर येऊन थांबलेली. तिथे कोणी पाणी घालत नाही, म्हणून मीही घालणार नाही.

९ जुलै २०२३

पंचवीस तारखेपासून धो-धो. थांबलेली टोकं चार दिवसांत बोटभर झाली आणि आज पहिला दांडा फुलला. तांबूस पडलेल्यांपैकी एकही मेला नाही. राख फासलेल्या कापलेल्या कांद्यांतूनही काहींना पानं आलीत, फुलं नाहीत.

२० ऑगस्ट २०२३

दोन गोष्टी.

कळलावीवर अळी पडली. पोफळीच्या कडेच्या वेलाची पानं संध्याकाळी होती, सकाळी नुसते दांडे. अळ्या काळ्या, त्यावर पांढरे आणि तांबडे-केशरी ठिपके, घोळक्याने बसतात. हा लिलीचा पतंग, पॉलिटेला ग्लोरिओसी. नावातच कळलावीचं नाव आहे. औषध मारलं नाही. सकाळी ऊन चढायच्या आत पानाच्या खालची बाजू बघायची, अंड्यांचा पुंजका दिसला तर पानाचा तेवढा तुकडा चिमटीने खुडायचा, अळ्या साबणाच्या पाण्यात. चार-पाच सकाळी हे केलं की आटोक्यात येतं. एक दिवस चुकवला तर वेल जातो. कुंपणावर बागेतल्या लिलीचे कांदे लावले असतील तर तीही बघा, तीच अळी तिथे वाढते आणि मग कळलावीवर येते.

दुसरं म्हणजे ऑगस्ट कोरडा चाललाय. सड्यावरची दिपकाडी पिवळी पडायला लागली, माझ्या वाफ्यातलीही. महिनाभर आधीच झोपायला निघालीत. बोंडं मात्र भरली. तिधारी बोंड पिकून फुटायच्या बेतात आलं की काळं चपटं बी दिसतं. फुटलं की वाऱ्याने उडून जातं, म्हणून पातळ मलमलीच्या पिशव्या दांड्यांवर बांधल्या.

१० सप्टेंबर २०२३

बी दोन वाटण्या करून ठेवलं. अर्धं आत्ताच पेरलं, दिवाळीच्या पणत्या भरून येतात त्या लाकडी खोक्यांत भुगा भरून. अर्धं कागदाच्या पुडीत बांधून पीठ-तांदळाच्या कपाटात. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो.

३ फेब्रुवारी २०२४

खाण सुरू झाली. आधी जेसीबीने वरचा थर खरवडून बाजूला ढीग केला, मग कटर लागला. आता बाण काढलेला कातळच राहिला नाही. जे खणून आणायचं राहिलं होतं ते गेलं.

त्याच आठवड्यात साळिंदर आलं. रात्री वाफ्याचा एक कोपरा उकरून दिपकाडीचे कांदे खाल्ले, अर्धवट चावलेले विखुरलेले. रानडुकरापेक्षा हे अवघड, कारण गडग्याच्या फटीतून येतं. कुंपणाचा खर्च परवडणारा नव्हता. एक इंची चौकोनी जाळी घेतली (१९०० रुपये), वाफ्यावर आडवी पसरली आणि कडेने चिरे ठेवून दाबली. वरून दोन बोटं भुगा. पानं जाळीतून वर येतात, साळिंदराला उकरता येत नाही. जाळी जमिनीपासून वर उचलून ताणू नका, खालून नाक घालतं.

खोक्यांतली सप्टेंबरात पेरलेली रोपं बघितली. उगवली होती चांगली, गवताच्या पात्यासारखी. पण पाऊस संपेपर्यंत कांदा धरला तो मोहरीएवढा, आणि एवढासा कांदा आठ महिन्यांच्या कोरडीत टिकत नाही. चाळून बघितलं तर मूठभर भुग्यात दोन-तीन सापडतात. बाकी वाळून गेले, काही मुंग्यांनी नेले असावेत.

१८ एप्रिल २०२४

रानकांदा फुलला. ड्रिमिया इंडिका, कोळकांदाही म्हणतात. पान एकही नाही, रणरणत्या उन्हात कोरड्या वाफ्यातून सरळ दांडा आणि तपकिरी-हिरवट फुलं. याला काहीही करावं लागलं नाही. कांदा विषारी आहे, खाण्याचा कांदा समजून कोणी नेऊ नये म्हणून वाफ्यावर पाटी लावली.

११ जून २०२४

सहा तारखेला पाऊस आला, यंदा मृगाला धरून. कपाटातली बियांची पुडी बाहेर काढून आठ तारखेला पेरली. वर बी झाकेल एवढाच भुगा, आणि खोकी उघड्यावर, पागोळीखाली नाही. पागोळीचं पाणी बी उडवून टाकतं.

२१ जुलै २०२४

बी दहाव्या-बाराव्या दिवशी उगवायला लागलं आणि बहुतेक सगळं आलं. आता पातं बोटभर. याला अजून दोन-अडीच महिने पाऊस मिळणार, सप्टेंबरात पेरलेल्याला तेवढे आठवडेही मिळाले नव्हते. जून सुरू होईपर्यंत बी कोरडं ठेवायचं, हे आता नक्की.

खोक्यात गवत आणि फोडशी ही पावसाळी रानभाजीही आली. फोडशीचं लहान रोप आणि दिपकाडीचं रोप सुरुवातीला सारखंच वाटतं. पातं चिमटीत धरून बुडाशी बघायचं. दिपकाडीचं पातं पन्हळीसारखं वळलेलं आणि जाडसर, फोडशीचं पसरट, मऊ. खात्री नसेल तर उपटू नका, ऑगस्टपर्यंत थांबा.

पावसाने मोठ्या वाफ्यात पाणी साचलं. एका जोराच्या दिवशी चार बोटं पाणी रात्रभर उभं होतं. सड्यावरही कंद पाण्याखाली असतात, तासन्‌तास, पण ते पाणी वाहतं असतं. उभ्या पाण्यात दोन दिवसांत पानांची बुडं पिवळी पडायला लागली. उताराच्या बाजूचा एक चिरा काढून तिथे जांभ्याचे तुकडे ठोकून बसवले, पाणी जातं आणि भुगा अडतो. गोगलगाईही होत्या, मोठ्या आफ्रिकन. रात्री बॅटरी घेऊन वेचून मिठाच्या पाण्यात टाकल्या. वाफ्याभोवती मीठ टाकायचं नाही, माती मरते.

८ सप्टेंबर २०२४

गणपतीची साफसफाई. दरवर्षी चतुर्थीच्या आधी ग्रासकटरवाला येऊन घराभोवतीचं गवत मारतो. मी बाजारात गेले होते. परत आले तेव्हा मागचा वाफा जमिनीसरशी केलेला, रोपांची दोन खोकीही त्यातच. त्याच्या दृष्टीने ते गवतच होतं, कोणी सांगितलंच नव्हतं.

सप्टेंबरचं पान कापलं म्हणजे कांद्याचं पुढच्या वर्षीचं अन्न कापलं. बाग साफ दिसावी म्हणून पिवळं पान कापणंही तेच. पान आपोआप सुटून हातात येईपर्यंत ठेवावं लागतं. आता वाफ्याच्या चारही कोपऱ्यांना लाल रंगाचे चिरे उभे केलेत आणि ग्रासकटरवाल्याला बरोबर घेऊन दाखवलं. त्याने स्वतःच पुढच्या वर्षीपासून तिथे हाताने काढू असं सांगितलं.

कळलावीचं वेगळंच झालं. आमच्याकडे या फुलांना गौरीचे हात म्हणतात आणि गौरीला ती लागतात. वाडीतल्या बायका मागायला आल्या, आणि ती न देणं मला जमणार नाही, जमायलाही नको. मात्र प्रत्येक वेलावर खालची दोन फुलं ठेवायची असं सांगितलं. खालचीच, कारण ती आधी उमलतात, त्यांच्या शेंगा भरायला वेळ मिळतो. सगळ्यांनी पाळलं. गेल्या वर्षी एकही शेंग मिळाली नव्हती, यंदा डबाभर मिळतील. कळलावीचं बी मात्र दिपकाडीसारखं चटकन उगवत नाही, काही महिने ते वर्षभरही पडून राहतं. खोकं फेकून देऊ नका.

१ जून २०२५

वीस मेपासूनच पाऊस. पंचवीस तारखेला मान्सून कोकणात आला म्हणून जाहीर झालं, रोहिणी लागायला आणि त्याला गाठ पडली. इतका लवकर पाऊस मी पाहिलेला नाही. आंबा अजून झाडावर, फणसाची साठं वाळत घातलेली भिजली, सगळ्यांचीच तारांबळ. कंदांना मात्र काही अडचण दिसत नाही. ओल आली, उठले. दिपकाडीचे दांडे आजच वर आलेत, गेल्या दोन्ही वर्षांपेक्षा खूप आधी. त्यावरून वाटतं, तारखेशी त्यांचा संबंध नाही, सलग ओलीशी आहे. बी पेरायला मृगाची वाट बघत बसले असते तर दोन आठवडे वाया गेले असते. यापुढे सलग तीन दिवस पाऊस लागला की पेरायचं, नक्षत्र कुठलंही असो.

ग्रासकटरखाली गेलेल्या वाफ्यात फुलं निम्म्याहून कमी. पानं सगळ्यांना आली, पण बारीक. कंद जगलेत, दमलेत. यंदा त्यांच्या बोंडांतलं बी धरणार नाही, दांडे फूल गळताच खुडणार.

गेल्या वर्षीची रोपं आठ महिने कोरडी झोपून परत उठली. अंदाजे दहातली सात. पातं आता गेल्या वर्षीच्या दुप्पट रुंद. फूल यायला अजून किमान दोन पावसाळे जातील असं वाटतं.

१३ जुलै २०२५

खाणीच्या बाजूने जाताना ढिगावर पांढरं दिसलं. दीड वर्षापूर्वी जेसीबीने खरवडून टाकलेल्या वरच्या थराचा तो ढीग, त्यात दगड, गवताची मुळं, सगळं उलटंपालटं. त्यावर दिपकाडीचे दांडे उभे. मोजून बघितले नाहीत, पण माझ्या वाफ्यात आहेत त्यापेक्षा जास्तच. जवळ जाऊन हाताने माती सारली तेव्हा कांदे सापडले, काही वीतभर खोल, मान लांब करून वर आलेले. रानहळदही होती.

मी चार महिने छिन्नी घेऊन एकेक दगड फोडून जे केलं त्यापेक्षा जास्त कंद या ढिगात आपोआप जगले. जांभ्याचा मोकळा ढीग, पाणी न थांबणारा, उन्हाळ्यात कोणी शिंपत नाही असा. कंदांना तो बरोबर मानवला. आधी लक्षात आलं असतं तर खणण्याऐवजी तो पहिला थरच टेम्पोने घरी आणला असता.

१२ ऑक्टोबर २०२५

ढिगावरची पानं पिवळी पडलीत. खाणवाल्याला विचारून ढिगाच्या दोन ट्रॉल्या आणून गडग्याच्या बाजूने लांबट पट्टा केला. ट्रॉलीला ८०० रुपये, पसरायला गडी ६५० रुपये. चाळला नाही, दगड वेचले नाहीत, आहे तसाच सहा इंच जाड पसरला आणि वर जाळी टाकली. शिंपण्याचा पाइप त्या बाजूने जात होता, तो उलट्या बाजूने फिरवला. त्याला नवीन जोड आणि दहा फूट पाइप लागला, ४२० रुपये.

विहिरीकडच्या जुन्या वाफ्यात आता फक्त रानहळद ठेवली आहे. ती तिथे इतकी पसरली की वाडीत वाटूनही उरते.

दिपकाडीचं बी यंदा ढिगावरूनच धरलं, मलमलीच्या पिशव्या बांधून. तिसरा हिस्साच घेतला, बाकी तिथे पडू दिलं. पुड्या बांधून तारीख लिहून कपाटात ठेवल्या. ज्यांना दिल्या त्यांना एवढंच सांगितलं : पाऊस लागेपर्यंत उघडायची नाही, आणि खत घालायचं नाही.

गावच्या वरच्या सड्यावर दुसरी खाण निघतेय. जमीन आमची नाही, पण मालक ओळखीचे आहेत. फेब्रुवारीत जेसीबी लागणार. त्यांच्याशी आणि ड्रायव्हरशी बोलणं झालंय : पहिलं खरवडण वेगळं टाकायचं, त्यावर दगडांचा राडारोडा ओतायचा नाही, आणि ढीग हलवायच्या आधी मला फोन करायचा. ड्रायव्हर म्हणाला, एवढंच ना, मग रंगाने खूण करून ठेवा कुठे टाकायचं ते. उरलेला पिवळा रंग अजून डब्यात ओला आहे का ते बघायचं आहे.